वाडीत कुणाला कशासाठी हाक येते? कोकणातल्या चर्चमध्ये अंगचे गुण सेवेला लावण्याची रीत

कोकणातल्या एखाद्या लहान चर्चमध्ये रविवारी वाचन कोण करतं, पेटीवर कोण बसतं, पावसाआधी पन्हळ कोण साफ करतं असं विचारलं की बहुतेक वेळा त्याच चार-पाच जणांची नावं पुढे येतात. बाकीच्यांना सेवा नको असते असं नाही. त्यांना कुणी नेमकं काही सांगितलेलं नसतं. ‘ज्यांना सेवेत भाग घ्यायचा आहे त्यांनी उपासनेनंतर थांबावं’ अशी सूचना झाली की थांबतात तेही तेच चार-पाच जण.

म्हणून सुरुवात सूचनेने करू नका, वहीने करा. कॅथलिक धर्मग्राम असो की प्रोटेस्टंट मंडळी, फादर असोत की पाळकसाहेब, रीत एकच आहे.

वही कशी भरायची

शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला एक पान द्या. छापील फॉर्म वाटू नका. फॉर्ममध्ये ‘गायन’पुढे खूण करणाऱ्यांत गळा असलेले थोडे आणि माईकची हौस असलेले जास्त निघतात. जिच्या हातची शिवण अख्खी वाडी नेते ती बाई फॉर्म कोराच परत देते. ‘तुम्हाला काय येतं?’ या प्रश्नाला कोकणात ठरलेलं उत्तर आहे: ‘माका काय येता?’ हा नम्रपणाही असतो आणि धास्तीही. मत्तयाच्या २५व्या अध्यायातल्या दाखल्यात धन्याने ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे पैसे सोपवले, आणि तिसऱ्याने भीतीपोटी आपला वाटा जमिनीत पुरला. चुकलं तर लोक हसतील, ही इकडची तीच भीती.

तेव्हा प्रश्न फिरवून विचारा. वाडीत तुम्हाला कशासाठी हाक येते? कुणाकडे मयत झाली की आधी कुणाला बोलावतात? लग्नघरात पैशांची पिशवी कुणाच्या काखेत असते? विहिरीवरचा पंप बंद पडला तर? सरकारी अर्ज भरायला माणसं कुणाच्या ओट्यावर येतात? हेच प्रश्न शेजाऱ्यालाही विचारा. शेजारी हिंदू किंवा मुसलमान असला तरी बिघडत नाही, उलट तो जास्त खरं सांगतो.

पानावर तीन रकाने आखा: हाक कशासाठी येते, मोकळा वेळ केव्हा, आणि काय नको. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. आठवडाभर बँकेत आकडे मोजणाऱ्याला रविवारी पुन्हा आकडेच दिले तर तो चार महिन्यांत गळतो. त्याला कदाचित लहान मुलांसोबत बसायचं असेल.

चाळीस घरांची मंडळी असेल तर दोघांच्या एका जोडीला संध्याकाळी तीन घरं नीट होतात, म्हणजे चौदा रविवार लागतील. दोन जोड्या असल्या तर सात. घाईत सहा-सहा घरं उरकली की चहा तेवढा होतो, वही कोरी राहते.

हातकामाचे गुण वहीत आवर्जून घ्या. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचं नाव घेतलं आहे तो बसालेल कारागीर होता. त्याच्याकडे सोन्याचांदीचं, पितळेचं, खडे बसवण्याचं आणि लाकडावरच्या नक्षीचं काम होतं. सुतार, गवंडी, वायरमन आणि जाळी विणणारा यांना ‘सेवा’ या शब्दात घ्यायला दुसरा आधार शोधायची गरज नाही.

इथलं वर्ष डोळ्यांपुढे ठेवा

वेळापत्रक मुंबईच्या चर्चचं उचलून आणलं की ते इथे चालत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे कोळीवाड्यातले पुरुष तेव्हा घरी सापडतात. त्याच दिवसांत शेतकरी घरं लावणीच्या चिखलात असतात. मार्च ते मे आंब्याचे दिवस, बागायतदाराला रविवारही नसतो. ऑक्टोबरात कापणी. मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला आणि त्याची नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) ३० ऑगस्टपासून. बरेचदा याच सुमारास गणपती येतात, गाड्या-एसट्या भरून जातात, तेव्हा बाहेरून वक्ता किंवा वादक बोलवायचा असेल तर तारीख आधी ताडून पाहा. नाताळच्या गाण्यांचा सराव नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. आगमनकाळ (नाताळाआधीच्या तयारीचा काळ) लागल्यावर सुरू केला तर चारच आठवडे मिळतात आणि त्यातला एक तरी कुणाच्या लग्नात जातो.

चाकरमानी मे महिन्यात आणि नाताळात येतात. त्यांच्यावर बारमाही काम टाकू नका. मुंबईत बसून होण्यासारखं असेल ते द्या: गीतांची पानं टाइप करणं, वाचनांचा तक्ता करणं, वर्षअखेरचा ताळेबंद तपासणं.

गुणाचं काम करा

‘संगीताची जबाबदारी तुमची’ या वाक्याला शेवट नाही, म्हणून माणूस घाबरतो. त्याऐवजी असं सांगा: ‘नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारपासून नाताळपर्यंत, दर शनिवारी पाच ते सहा, पेटी तुम्ही वाजवायची, सोबत अमुक.’ कामात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: काय, कधी, किती वेळ, कुणासोबत, कुठवर. शेवटची तारीख सर्वांत महत्त्वाची.

विचारायला घरी जा. चर्चच्या पायरीवर चारचौघांत विचारलं की माणूस भिडेपोटी हो म्हणतो आणि तिसऱ्या आठवड्याला ताप येतो. उत्तरासाठी तीन-चार दिवस द्या. पहिली मुदत तीन महिन्यांची असू द्या. ती संपल्यावर पुन्हा घरी जाऊन विचारा, आणि नको म्हटलं तर आभार मानून दुसरं काही सुचवा. कुठलंही काम एकट्याकडे ठेवू नका. पहिल्या दिवसापासून जोडी हवी, एक जाणता आणि एक शिकणारा. जाणत्याची बदली, आजारपण किंवा रुसवा यातलं काही ना काही होणारच, हे धरून चाला.

वाचन

वाचता येणं आणि वाचन करता येणं यात अंतर आहे. मजकूर आठवडाभर आधी वाचकाच्या हातात पडायला हवा. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. ती वर्षभर आधी माहीत असतात, त्यामुळे सकाळी सातला पुस्तक हातात देण्याला काही कारण उरत नाही. पान मोठं करून द्या, अक्षर १६ ते १८ पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा.

घरी तीनदा मोठ्याने वाचायचं. पहिल्यांदा अर्थासाठी. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, छोट्या विरामाला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातल्या माणसाला ऐकू जाईल असं. भाजी चिरता चिरता त्याला अर्थ कळला तर वाचन तयार झालं.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि पौलाच्या पत्रांतली वाक्यं लांबलचक. क्रियापदापर्यंत पोचेतो दम संपतो आणि नेमकं तेच पुटपुटलं जातं. त्यातच ‘नाही’ असेल आणि ते गिळलं तर शिकवण उलटी होते. म्हणून श्वासाची खूण क्रियापदाच्या आधीच्या दोन-तीन शब्दांवर करा. नबुखद्नेस्सर, थेस्सलनीका, मलकीसदेक अशी नावं तोडून लिहा: न-बु-खद्-नेस्-सर. अडखळलात तरी माफी मागू नका, नाव पुन्हा नीट म्हणा आणि पुढे चला.

वेग मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द. दोनशे शब्दांच्या उताऱ्याला दोन मिनिटं लागायला हवीत. मोबाइलवर वेळ लावून पाहा, बहुतेक नवे वाचक सव्वा मिनिटात संपवतात. जांभ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आणि उंच छप्पर असेल तिथे आवाज घुमतो, तिथे आणखी सावकाश. पत्र्याच्या छपरावर पावसाची सर कोसळली तर ओरडू नका. थांबा, जोर ओसरू द्या.

माईक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या रेषेत, थोडा तिरका, वीतभर अंतरावर. आपल्या उपासनेतले नेहमीचे शब्द पाहा: प्रभू, पिता, पवित्र, परमेश्वर. प्रत्येक ‘प’ला हवेचा फटका माईकवर बसतो आणि मागच्या बाकांवर नुसता धप् आवाज जातो. माईक तिरका केला की हे थांबतं.

उच्चारांवरून कुणाला मागे ओढू नका. घरी मालवणी, काही घरांत कोकणी आणि कोर्लईत तर घरची बोली पोर्तुगीजमधून आलेली, उपासना मात्र मराठीत. हेल राहू द्या. अर्थ बदलत असेल तिथेच दुरुस्ती करा, आणि तीही एकट्याला गाठून. बायकांनी वाचावं का, हा वाद कॅथलिकांत तरी आता काढू नये. त्या वाचत होत्याच, आणि जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचकाची रीतसर नेमणूकही स्त्रियांना खुली केली.

गाणं आणि वाद्यं

गायकवृंदाचं काम लोकांना गायला लावणं हे आहे. लोक ऐकत बसले तर पट्टी चुकली असं समजा. पट्टी ठरवण्याची सोपी रीत अशी: गीतातला सर्वांत वरचा स्वर शोधा. तो मधल्या सप्तकाच्या पुढच्या ‘पांढरी दोन’च्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे गेला की पुरुष गप्प होतात आणि मग चर्चमध्ये तीन बायकांचाच आवाज राहतो. मुख्य गायिकेला पट्टी खाली वाटेल, तिने सोसावं. तिचा गळा दाखवायला अर्पणाच्या वेळी एक एकल गीत ठेवा.

नवं गीत महिन्याला एकच. उपासनेआधी पाच मिनिटं धृपद शिकवा आणि सलग तीन रविवार तेच गा. एका रविवारी तीन नवी गाणी आणणारा वृंद फार हुशार असतो, आणि एकटा पडतो.

वाद्यांचा इथला शत्रू दमट हवा. पेटी जमिनीवर ठेवू नका, फळीवर खोक्यात ठेवा, भात्यावर सुती कापड. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती चालते, पण तो तारेचा, तापणारा बल्ब हवा. एलईडी लावून काही होत नाही, त्याला पुरेशी ऊब नसते. बल्ब कापडापासून आणि लाकडापासून हातभर लांब राहील हे पाहा. अडकलेली पट्टी तेल घालून मोकळी करू नका. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात दुप्पट अडकते. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे मेमध्येच न्या.

तबल्याचं कातडं ओल धरतं आणि स्वर उतरतो. वाजवणाऱ्याने अर्धा तास आधी येऊन गठ्ठे ठोकून स्वर चढवावा. शेकोटीशी किंवा कडक उन्हात तबला ठेवला तर कातडं तडकतं. घुमट (कातडं ताणलेलं मातीचं वाद्य) वाजवणारं कुणी असेल तर त्याला मुद्दाम बोलवा, फक्त कातडं बकऱ्याचं हवं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तिच्या कातड्याचं जुनं घुमट मिरवू नये.

पदं रचणारा माणूस जवळजवळ प्रत्येक मंडळीत एक असतो आणि तो सहसा दुर्लक्षित राहतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून पूर्ण केलं ते ओवीत, इथल्या लोकांच्या कानाला ओळखीच्या चालीवर. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं. तुमच्या वाडीतल्या कवीला महाकाव्य सांगू नका. नाताळसाठी चार ओळींची एक ओवी सांगा, माहितीच्या चालीवर, तारखेसकट. ती आधी फादर किंवा पाळक यांना दाखवा. कॅथलिकांत मिस्सेमध्ये (मुख्य उपासनेत) गायच्या नव्या गीताला वरची मंजुरी लागते. सिंधुदुर्ग धर्मप्रांत (एका बिशपांखालचा प्रदेश) २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतापासून वेगळा झाल्यापासून तिथल्यांना त्यासाठी बिशपांच्या सावंतवाडीपलीकडे जावं लागत नाही. मंजुरी येईतो ती ओवी घरोघरच्या नाताळगीतांच्या फेरीत गा.

छप्पर आणि वायरी

कौलं परतून घेण्याचं काम एप्रिलअखेर ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात उरका. वळवाचा भरवसा नाही. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १४-१५ लागतात. फुटकी मोजून त्यावर पन्नास जास्त आणून ठेवा, कारण चढणाऱ्याच्या पायाखाली आणखी फुटतात. पाय कौलाच्या मधोमध न देता खाली रीप असेल तिथे द्यायचा. शिडीला खाली एक माणूस कायम हवा. उत्साही म्हाताऱ्यांना आणि चप्पल घालून येणाऱ्यांना वर चढू देऊ नका, त्यांना खाली कौलं घासायला बसवा. तिथे शेवाळ भरपूर असतं. होडीवरचा माणूस दोर आणि गाठी सगळ्यांत चांगल्या बांधतो, ताडपत्री त्याच्याकडे द्या.

विजेचं काम मात्र ‘येतं’ म्हणणाऱ्याकडे देऊ नये. परवानाधारक वायरमनच हवा, मंडळीतला असेल तर उत्तम. खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, म्हणून नाताळचे तारे आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याची रोषणाई लावण्याआधी ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवलेला आहे का ते बघा आणि त्यावरचं चाचणीचं बटण दाबून पाहा. गवताच्या गोठ्यात तापणारे बल्ब नकोत. इथे एलईडीच.

शंभर माणसांचं सणाचं जेवण

रांधणाऱ्या बायका अंदाजाने करतात आणि तो अंदाज बरोबर येतो. पण शिकणारीला आकडे लागतात, म्हणून लिहून ठेवा. शंभर जणांना कोंबडी-वडे, भात, सोलकढी असा बेत धरला तर हाडासकट कोंबडी १६ किलो, वाटणाला नारळ १२, वड्यांचं पीठ ८ किलो (माणशी चार वडे), तांदूळ ८ किलो. वडे नसतील तर तांदूळ १२ किलो. सोलकढी माणशी दीडशे मिली धरून १५ लिटर, तिला नारळ १५ आणि आमसुलं सव्वातीनशे ग्रॅम. आमसुलं आधी मीठ चाखून घ्या, काही फार खारट असतात. पिण्याचं पाणी शंभर लिटर, भांड्यांना आणि हात धुवायला आणखी चारशे.

बिघाड बहुतेक वेळा नारळाने होतो. मेच्या उकाड्यात आदल्या रात्रीचं ओलं वाटण सकाळपर्यंत आंबतं. नारळ त्याच दिवशी खोवा. रस काढल्यावर दोन तासांत सोलकढी वाढा किंवा बर्फात ठेवा. शिजवलेला भात मोठ्या टोपात झाकून चार तास ठेवला की मधून गरम आणि वरून घामेजलेला राहतो, आणि तो पोट बिघडवतो. दोन टोपांत, दोन वेळा शिजवा. हाताला जखम किंवा पोट बिघडलेलं असेल त्याने वाढायला उभं राहू नये. हे सांगणं अवघड जातं, म्हणून ते एका वडीलधाऱ्या बाईकडेच सोपवा.

एक निरीक्षण: जेवण करणाऱ्या बायका उपासनेला नसतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नारळ आणि शिजवणं सोडून बाकीची तयारी आदल्या दिवशी संपेल असा बेत करा, नाहीतर चुलीवरची पाळी बदलती ठेवा.

आजारी, मुलं, पैसे

आजाऱ्याकडे दोघांनी जावं, फोन करून, वीस मिनिटं. औषध सुचवू नये, दुसऱ्या आजाऱ्याची गोष्ट सांगू नये. कॅथलिक घरी पवित्र कम्युनियन (मिस्सेतला प्रसाद) न्यायचा असेल तर त्यासाठी रीतसर नेमलेलाच माणूस जातो. ऐकून घेणारा हवा. बोलक्याला इथे पाठवू नका, त्याला दारात स्वागताला उभं करा.

मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं, ती एकाच घरातली नकोत, आणि दार उघडं. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘चर्चमध्येच मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही.

अर्पण दोघांनी मोजायचं, नात्यातल्या नाही, आणि पेनाने लिहून दोघांच्या सह्या. लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी ते बँकेत भरायचं. मोजलेल्या पैशांतून परस्पर फुलवाल्याला दिले की हिशेब बिघडतो. आधी सगळे भरा, मग खर्चाची पावती. चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल तर ३१ मार्चच्या हिशेबाचं ऑडिट होतं, आणि खजिनदाराची खरी परीक्षा तेव्हा असते.

बिनसतं कुठे

भांडण गुणांवरून क्वचित होतं, किल्लीवरून फार. पेटीच्या कपाटाची, साउंडच्या खोलीची आणि भांड्यांच्या कोठीची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे सत्ता. प्रत्येक किल्ली दोन घरांत ठेवा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहा कुठल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या माणसाला हलवणं. पंचवीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या काकांची बोटं आता अडखळतात. त्यांना काढून टाकलं तर घरचे सगळे दुसऱ्या चर्चला जातील. त्यांना शिकवायला बसवा, शनिवारी, दोन मुलांसोबत, आणि शुभशुक्रवारचं एक संथ गीत त्यांचंच राहू द्या.

वही वर्षातून एकदा, जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर काढा. ज्या पानावर गेल्या वर्षभरात एकही काम लिहिलं गेलं नाही, त्या घरी आधी जा.